उसनी आठवण

बाजारांत हल्लीं जुनेपणाचा एक नवा व्यापार सुरू झाला आहे. जुन्या वस्तु विकण्याचा नव्हे. तो धंदा पूर्वापार चालत आलेला आहे. मी म्हणतों तो व्यापार नव्या वस्तूला जुनें रूप देऊन विकण्याचा. विजेचा दिवा कंदिलासारखा दिसतो, रेडिओला आजोबांच्या काळच्या लांकडी पेटीचा आकार असतो, आणि भिंतीवरच्या घड्याळांतला लंबक केवळ शोभेसाठीं हालत असतो. काळ मोजण्याचें काम पाठीमागची एक लहानशी बॅटरी करीत असते. या वस्तु घरांत एका जागीं बसून असतात, म्हणून त्यांचें सोंग कोणाच्या डोळ्यांत खुपत नाहीं. पण हेंच सोंग जेव्हां दोन चाकांवर बसून रस्त्यावर येतें, घरच्या कर्त्या माणसाच्या खिशाला हात घालतें आणि एखाद्या तरुण मुलाच्या मनांत घर करतें, तेव्हां त्याचा थोडा विचार करणें प्राप्त होतें.

मोटरसायकलीस आमच्या धाराशिवकडे जुनीं माणसें अजूनहि फटफटी म्हणतात. २०२२ च्या सप्टेंबर महिन्यांत कावासाकी या जपानी कंपनीनें ‘डब्ल्यू १७५’ नांवाची एक लहानशी फटफटी भारतांत विक्रीस काढली. वाटोळा दिवा, पाण्याच्या थेंबासारखी टांकी, तारांच्या आऱ्यांचीं चाकें, सरळ सपाट बैठक आणि लांब आडवा सायलेन्सर, असें तिचें रूप. इंजिन एका सिलिंडरचें, १७७ सी. सी.चें, वाऱ्यानेंच थंड होणारें; शक्ति सुमारें १३ अश्वबळांची; गिअर पांच; वजन १३५ किलो. बाहेरून पाहणाऱ्यास ती साठ वर्षांपूर्वींची वाटावी. पण आंत पाहावें तों कार्बोरेटर नाहीं. पेट्रोल किती सोडावयाचें तें विजेचें यंत्र ठरवितें, आणि पुढच्या चाकाला एकाएकीं ब्रेक लावला तरी तें घसरूं नये अशीहि योजना आहे. ही गाडी पुण्याजवळ चाकण येथें तयार होऊं लागली, आणि ‘भारतांत घडलेली कावासाकी’ म्हणून तिचा बराच गाजावाजा झाला.

आमचा पुतण्या पुण्यास नोकरीला असतो. त्या वर्षीं दिवाळीस तो घरीं आला तो या गाडीचें चित्र फोनांत घेऊनच. फराळाच्या ताटांवरून तें चित्र सगळ्या घरांत फिरलें. माझ्याजवळ येऊन तो म्हणाला, “काका, हिच्याकडे पाहिलें ना, कीं जुन्या काळांत गेल्यासारखें वाटतें.”

“कोणाच्या जुन्या काळांत?” मीं विचारलें.

तो हंसला, आणि प्रश्न तेथेंच राहिला. परंतु प्रश्न थट्टेचा नव्हता. माणसाला जुन्या काळाची ओढ असते ती स्वतःच्या, फार तर आपल्या वाडवडिलांच्या काळाची. ज्या काळांत आपलें कोणीच नव्हतें, त्या काळाची ओढ लागावी कशी? म्हणून या गाडीची कुळकथा पाहावी असें मनांत आलें.

सोयरीक जुळवितांना आपण घराणें तीन पिढ्या मागें जाऊन पाहतों. तसें पाहूं गेलें तर ‘डब्ल्यू’ हें अक्षर कावासाकीनें प्रथम दिलें तें १९६६ सालच्या ‘डब्ल्यू १’ या गाडीला. ती ६२४ सी. सी.ची, दोन सिलिंडरांची होती, आणि त्या वेळच्या जपानी गाड्यांत मोठी गणली जाई. पण तिचें इंजिनहि कावासाकीचें मूळचें नव्हे. टोकियो शहरांतील एका भागाचें नांव धारण करणारी मेगुरो म्हणून मोटरसायकलींची एक जुनी कंपनी होती. ती १९६४ मध्यें कावासाकींत विलीन झाली, आणि तिच्याच ५०० सी. सी.च्या गाडीवरून ‘डब्ल्यू १’ उभी राहिली. त्या मेगुरोचा नमुना तरी कोणता? तर इंग्लंडांतील बी. एस. ए. कंपनीची ‘ए ७’. म्हणजे आजा बर्मिंगहॅमचा, बाप टोकियोचा आणि नातवंड चाकणचें, असें हें कुळ.

यांतली खरी मौज पुढेंच आहे. ज्या जपान्यांनीं इंग्रजी गाडीचा कित्ता गिरविला, त्यांनींच पुढें इंग्रजी गाड्यांचा बाजार उठविला. इंग्रजी फटफटी देखणी खरी. पण ती तेल गाळी, थंडीच्या सकाळीं रुसून बसे, आणि तिचे नटबोल्ट वरचेवर आवळावे लागत. १९६९ सालीं होंडानें चार सिलिंडरांची ७५० सी. सी.ची गाडी आणली. ती बटण दाबतांच चालू होई आणि उभ्या जागीं तेलाचा डाग पाडीत नसे. १९७३ च्या सुमारास बी. एस. ए.चें तें मोठें घराणें मोडकळीस येऊन दुसऱ्याच्या पदरांत पडलें. जपानी कारखाने मग वीस वर्षें वेगाच्या मागें धांवत राहिले. हवा तेवढा वेग हातीं आल्यावर त्यांना मागें टाकलेल्या रूपाची आठवण झाली. १९९२ मध्यें कावासाकीनें ‘एस्ट्रेला’ ही २५० सी. सी.ची जुन्या घाटाची गाडी काढली. १९९९ मध्यें ‘डब्ल्यू ६५०’, २०११ मध्यें ‘डब्ल्यू ८००’. आणि २०१७ मध्यें इंडोनेशियाच्या बाजारासाठीं या मालिकेंतील सर्वांत धाकटी, ‘डब्ल्यू १७५’. जपानांतला पन्नाशी उलटलेला एखादा गृहस्थ ‘डब्ल्यू ६५०’ वर बसला, तर त्याला तरुणपणीं रस्त्यावर पाहिलेली ‘डब्ल्यू १’ आठवावी हें स्वाभाविक होतें. ती त्याची स्वतःची आठवण होती, आणि तिच्यासाठीं चार पैसे अधिक मोजण्यांत कांहीं वावगें नव्हतें. पण तीच आठवण धाराशिवच्या पोरानें विकत घ्यावयाची म्हटलें म्हणजे ती उसनी होते.

मग आमची स्वतःची आठवण कोणती? १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत आमचा जिल्हा निजामाच्या राज्यांत होता. प्रवास म्हणजे बैलगाडी, टांगा, आणि येडशीवरून जाणारी बार्शी लाईटची लहान आगगाडी. फटफटी ही साहेबलोकांची चीज. पुढें १९५५ मध्यें मद्रासला एनफील्ड, १९६१ मध्यें म्हैसूरला जावा आणि त्याच सुमारास उत्तरेंत राजदूत, असे कारखाने निघाले. तरीहि आमच्याकडे बुलेट ही फौजदाराची, राजदूत ही दूधवाल्याची, आणि शिक्षक, तलाठी, कारकून यांची ती सायकल, अशीच वांटणी होती. स्कूटरसाठीं नांव नोंदवून ठेवावें आणि वर्षानुवर्षें वाट पाहावी, असे ते दिवस. मुलाच्या बारशाला नोंदविलेली स्कूटर त्याच्या मुंजीला मिळेल, असा विनोद तेव्हां लोक करीत.

१९८४ ते १९८६ या दोनतीन वर्षांत हें चित्र पालटलें. परदेशी कंपन्यांशीं भागी करण्यास सरकारनें मोकळीक दिली, आणि चार जपानी कंपन्या चार भारतीय घराण्यांचा हात धरून आल्या. सुझुकी टी. व्ही. एस.बरोबर, होंडा हीरोबरोबर, यामाहा एस्कॉर्ट्सबरोबर, आणि कावासाकी आमच्या महाराष्ट्रांतल्या बजाजबरोबर. चारी गाड्यांचीं इंजिनें १०० सी. सी.चीं. होंडाच्या गाडीची जाहिरात तर अशा अर्थाची असे कीं पेट्रोल भरा, झांकण लावा आणि विसरून जा. रूपाचा उच्चार त्यांत कोठेंच नव्हता. बेताच्या मिळकतीच्या माणसाला दाराशीं वाहन ठेवतां येतें, ही गोष्टच एवढी मोठी होती कीं रूपाची चौकशी करण्यास कोणाला सवड नव्हती.

बजाज-कावासाकीची ‘के. बी. १००’ १९८६ सालीं निघाली, आणि पुढच्याच वर्षीं ती आमच्या वाड्यांत आली. आमचे थोरले बंधु तेरच्या बाजूस एका खेड्यांत शिक्षक होते. त्यांना आम्ही सारे दादा म्हणतों. गाडी घ्यावी कीं विहिरीचें काम पुरें करावें, यावर घरांत महिनाभर खल चालला होता. त्या महिन्यांत टांकीचा आकार कसा आहे हें कोणी विचारलें नाहीं. विचारलें तें एवढेंच कीं लिटराला किती जाते, मागें नीट बसतां येईल ना, आणि बिघडली तर गांवांत दुरुस्त होईल ना. गाडी दादांच्या नांवानें आली, पण वापरली सगळ्या घरानें. सकाळीं शाळा, दुपारीं बाजारहाट, संध्याकाळीं आईला डॉक्टरांकडे नेणें. परीक्षेच्या दिवसांत मुलांना केंद्रावर पोंचविणें. लग्नसराईंत पत्रिका वांटणें. कोणाची पाळी केव्हां, हें ठरविण्याचें काम वहिनींकडे असे, आणि त्यांचा शब्द शेवटचा असे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे भूकंप झाला. गणपतीचें विसर्जन करून लोक नुकतेच अंथरुणाला पाठ लावून होते. उजाडल्यावर बातम्या येऊं लागल्या कीं लातूर जिल्ह्यांत किल्लारी आणि आमच्या जिल्ह्यांत सास्तूर, या बाजूचीं गांवेंच्या गांवें बसलीं. दादांनीं गाडीची टांकी भरली, शेजारच्या एका डॉक्टरांना औषधांच्या पिशवीसह मागें बसविलें, आणि ते साठसत्तर किलोमीटरांवरच्या त्या गांवाकडे निघाले. तिसऱ्या दिवशीं परत आले तेव्हां धुळीखालीं गाडीचा रंग ओळखूं येत नव्हता. दादा दोन दिवस कोणाशीं बोलले नाहींत. तिसऱ्या दिवशीं त्यांनीं गाडी स्वतःच्या हातानें धुतली, आणि शाळेंत गेले.

आज ती गाडी पडवींत गोणपाटाखालीं उभी आहे. तिचे सुटे भाग मिळत नाहींत, तिच्या धुराला आजच्या नियमांत जागा नाहीं, आणि ती रोजच्या वापरास काढावी असें आमच्यापैकीं कोणाचेंहि म्हणणें नाहीं. तरी ती मोडींत घालण्याचा विषय निघाला कीं घरांत सगळे गप्प बसतात. तिच्या रूपावर आमचा लोभ कधींच नव्हता. ती जेथें जेथें जाऊन आली, त्यावर आहे.

अशा आठवणी घरोघरीं असतील. गाडी तेवढी प्रत्येकाची निराळी. तरुणांची लाडकी होती यामाहाची ‘आर. एक्स. १००’. ९८ सी. सी.चें तें इंजिन, हलकें अंग, आणि मूठ पिळतांच उसळणारा तो स्वभाव! गल्लीच्या तोंडाशीं आवाज आला कीं कोणाचा मुलगा आला हें घरांत बसून सांगतां येई. १९८५ पासून १९९६ पर्यंत ती तयार होत होती. धुराचे नियम कडक होऊं लागले आणि ती बंद पडली. आज नीट राखलेली एखादी सांपडली, तर तिच्या मूळ किमतीच्या कित्येक पट पैसे मोजणारे लोक आहेत. तिच्यासारखी दिसणारी दुसरी गाडी दाखवून त्यांची समजूत पटत नाहीं. त्यांना तीच हवी असते.

कावासाकीजवळहि महाराष्ट्रांत अशा आठवणींची शिल्लक होती. बजाजशीं तिची भागी १९८४ पासून तीस वर्षांहून अधिक चालली. २०१७ मध्यें दोघांनीं विक्रीचा संसार वेगळा केला. त्यानंतर पांच वर्षांनीं कावासाकीनें आमच्यासाठीं जुन्या रूपाची गाडी आणली, ती मात्र आमच्या अंगणांतल्या १९८६ ची नव्हे. जपानांतल्या १९६६ ची.

बाजारानें तिचा निवाडा लवकर केला. आरंभीं किंमत एक लाख ४७ हजार रुपये होती, तांबडा रंग हवा तर दोन हजार अधिक. विमा आणि नोंदणी निराळी. योग असा कीं त्याच वर्षीं जुलैंत टी. व्ही. एस.ची २२५ सी. सी.ची ‘रोनिन’, आणि ऑगस्टांत रॉयल एनफील्डची ३४९ सी. सी.ची ‘हंटर’, अशा दोन गाड्या दीड लाखाच्या आंतच निघाल्या होत्या. त्याच पैशांत दुसरीकडे जवळजवळ दुप्पट इंजिन मिळत असतां अर्ध्या इंजिनाला तेवढेच पैसे कोण देणार? त्यांतून कावासाकीचीं दुकानें मुख्यतः मोठमोठ्या शहरांत. एनफील्ड आणि टी. व्ही. एस. यांचीं लहान गांवांपर्यंत पोंचलेलीं. २०२३ च्या डिसेंबरांत कंपनीनें किंमत एकदम २५ हजारांनीं उतरवून एक लाख २२ हजारांवर आणली. सव्वा वर्षांत किमतीचा सहावा हिस्सा गळून पडला. त्याच वेळीं ‘स्ट्रीट’ नांवाचा दुसरा प्रकार एक लाख ३५ हजारांस काढला. त्यांत तारांचे आरे जाऊन ओतीव चाकें आलीं, आणि टायरांतली ट्यूब गेली. बाभळीचे कांटे पसरलेल्या आमच्या रस्त्यांवर चालणाऱ्यास या फरकाचा अर्थ समजावून सांगावयास नको. तारांचें चाक दिसतें सुरेख, पण त्याला ट्यूब लागते, आणि ट्यूबेला कांटा पुरतो.

कोणी म्हणेल, जुन्या रूपाची एवढी मातबरी नसेल तर बुलेट कशी खपते? तिचेंहि रूप इंग्रजीच नव्हे काय? आहे खरें. पण इंग्लंडांतला एनफील्डचा कारखाना १९७० च्या सुमारास बंद झाला, आणि मद्रासचा चालूच राहिला. मूळ धनी निघून गेल्यावर तें रूप आमच्याकडे अर्धें शतक रोज वापरांत राहिलें. सैन्यांत, पोलिसांत, वरातींत, शेतावर. नव्या एनफील्डकडे पाहणाऱ्या मुलाला इंग्लंड आठवत नाहीं. त्याला आपल्या मामाची बुलेट आठवते. तेंच जुनें रूप, पण मध्यें खंड पडला नाहीं, एवढ्यानेंच तें आमचें झालें.

परक्याचें रूप घेणें मुळांतच वाईट, असें मात्र मला म्हणावयाचें नाहीं. आमच्या जिल्ह्यांतलें तेर हें गोरोबाकाकांचें गांव. तेंच प्राचीन काळचें तगर. दोन हजार वर्षांपूर्वीं तेथलें कापड भडोचच्या बंदरावरून पश्चिमेकडे जात असे, आणि रोमन व्यापाऱ्यांचा माल इकडे येत असे. त्या तेरच्या जमिनींत रोमन नाण्यांच्या नमुन्यावर केलेलीं मातीचीं पदकें सांपडलीं आहेत. अशीं पदकें अंगावर दागिन्यासारखीं घालीत असावेत, असें जाणते मानतात. मूळ नाण्यावरचा बादशहा कोण, हें तीं घालणाऱ्या लेकीसुनांस ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. माती इथली, भट्टी इथली, आणि गळाहि इथला. तेव्हां तो बादशहा तेरचाच झाला. उसनें घेतलेलें रूप असें वापरानें फेडावें लागतें. फेडलें कीं तें आपलें.

पुतण्याची गाडी त्या दिवाळींत आली नाहीं. दादा त्याला म्हणाले, “वर्षभर थांब. मन असेंच राहिलें, तर घे.” त्याचें मन तसेंच राहिलें, आणि मध्यंतरीं किंमतहि उतरली. २०२४ च्या पाडव्यास त्यानें स्वतःच्या पगारांतून ती घेतली. तारांच्या चाकांचीच घेतली. मीं त्याला एवढेंच सांगितलें कीं तुला ती सुंदर वाटते म्हणून तूं घेतोस, हें कारण पुरेसें आहे. त्याला जुन्या काळाचा मुलामा देऊं नको. सुंदर वस्तूची हौस ही कांहीं चोरी नव्हे. आपल्या बायका दोन लुगड्यांत भागत असतां तिसरें घेतात, आपण चालणारें घड्याळ असतां दुसरें घेतों. पण हौसेला हौस म्हणावें, म्हणजे तिची किंमत किती द्यावी हें डोळसपणें ठरवितां येतें. तिला आठवण म्हटलें, कीं दुकानदार आपल्या काळजाला हात घालून भाव सांगूं लागतो.

वहिनींचा प्रश्न निराळा होता. “मला हिच्यावर बसून तुळजापुरास जातां येईल ना?” त्यांनीं विचारलें. पुढच्या मंगळवारीं मायलेक गेले. वीसपंचवीस किलोमीटरांचा रस्ता. परत आल्यावर आम्हीं गाडीविषयीं विचारलें, तेव्हां त्या म्हणाल्या, “आवाज कमी आहे हो हिचा. बोलत बोलत गेलों.” दादांच्या मागें बसून त्यांनीं आयुष्यभर प्रवास केला, पण त्या दोन फेऱ्यांच्या इंजिनाच्या फडफडाटांत बोलणें शक्य नसे. एवढ्या वर्षांत आमच्यापैकीं कोणालाहि ही गोष्ट सुचली नव्हती. दादा जवळच वर्तमानपत्र वाचीत बसले होते. त्यांनीं तें खालीं ठेवलें, आणि पुढच्या वेळीं पुतण्याला घरीं ठेवून आपण दोघेंच जाऊं, असें ते म्हणाले.

तेव्हांपासून ती गाडी सगळ्या घराची झाली आहे. पुतण्या सुट्टीस आला कीं दोन दिवस त्याच्या वांट्याला ती क्वचितच येते. तुळजापूरच्या गर्दींत कोणाच्या तरी पितळी घागरीचा धक्का लागून तिच्या टांकीवर एक लांब ओरखडा उठला आहे. पुतण्याला त्याचें फार वाईट वाटलें. रंग देऊन तो बुजवावा म्हणून तो मेस्त्रीकडे निघाला होता. मीं त्याला सांगितलें कीं बाकीचें सगळें रूप बर्मिंगहॅमचें नि टोकियोचें आहे. आपलें म्हणण्यासारखें तिच्यावर अजून एवढेंच आहे, तें राहूं दे.